पाय धुण्याची यादी

नाव: निरुपमा सलील थोरात. वय: एकसष्ट. पत्ता: छाणी, बडोदे. माजी हुद्दा: रेल्वे दवाखान्यातील परिचारिका. सध्याचा हुद्दा: सदस्य, पंचकमिटी, मराठी ख्रिस्ती मंडळी, कार्यक्षेत्र खुर्च्या, घंगाळ व टॉवेल. मताधिकार: आहे. मत विचारल्याची नोंद: नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, म्हणून. धुळीतून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे त्या काळी घरातल्या खालच्यात खालच्या नोकराचं काम. ते गुरूने केलं, यात सगळा अर्थ आला. आमच्याकडे या अर्थाची यादी होते. नऊ वर्षं तेच बारा पुरुष. दोघे वारले, तर त्यांचे मुलगे बसले.

मथुराबाई बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजीच्या पाट्या वाहतात आणि वीस वर्षं उपासनेला आमच्या ख्रिस्ती देवळात दाराशी बसतात. ईस्टर झाला की त्या कायमच्या नंदुरबारला, लेकीकडे जाणार होत्या. यंदा त्यांना खुर्ची मिळालीच पाहिजे, असं निरुपमाबाईंनी ठरवलं आणि सभेत सांगितलं.

"यादी भरली आहे, बेन," सेक्रेटरी वसंतराव म्हणाले. नकार गोड करायचा असला की बडोद्याचा मराठी माणूस गुजराती होतो.

"तेरावी खुर्ची मांडते."

"शिष्य बाराच होते!"

"त्यांत यहूदाही होता. घात करणार हे ठाऊक असून त्याचेही पाय धुतले. शुभवर्तमानातल्या यादीत तो शेवटी येतो. आपल्या यादीत शेवटी कोण?"

सभा पंख्याकडे पाहू लागली. शेवटचं नाव गोविंदरावांचं होतं.

"अहो, हे सगळं प्रतीक असतं," ते म्हणाले.

"प्रतीक म्हणूनच विचारते."

"तसा यंदा माझा गुडघाही दुखतोय."

चहा आला, गेला. तेवढ्यात अकराव्याचेही दोन्ही गुडघे दुखू लागले.

"झालं तर!" वसंतराव म्हणाले. "बसवा मथुराबाईंना बाराव्या खुर्चीवर."

"पाहुणीला यहूदाच्या जागी? त्या पहिल्या खुर्चीवर बसतील. बारावीवर तुम्ही बसा, भाऊ. खजिनदारही तुम्हीच ना? शिष्यांच्या पैशांची पिशवी यहूदाकडेच असायची."

कोणीतरी हसलं, आणि ठराव मंजूर झाला.

आता मथुराबाईच अडल्या. "नको हो बाई, माझ्या टाचा बघा."

"शिष्यांतला पेत्रही पाय धुवायला नको नको म्हणाला होता. येशूने त्याचं ऐकलं नाही, मी तुमचं कशाला ऐकू?"

इतिवृत्तात नोंद आहे: 'एका ज्येष्ठ भगिनीस विशेष बाब म्हणून समाविष्ट करण्यात आले, विधी प्रथेनुसार पार पडला.' मथुराबाई पाटी उतरवून मार्केटातून थेट आल्या होत्या. पाणी दोनदा बदलावं लागलं.