पाचवीचा कागद

डेस्कवर वीस वर्षं काढली. 'चमत्कार' हा शब्द असलेली एकही बातमी मी अवतरणचिन्हांशिवाय सोडलेली नाही. भूतखेत, कौल, संकेत... कशावरच विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणणार नाही. घडलं ते क्रमाने लिहितो.

पेणजवळ खाडीकाठी आमचं घर, मिठागराच्या बांधापासून शंभर पावलांवर. आईने उभा जन्म मीठ ओढण्यात घालवला. धाकटी बहीण रेश्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा रोह्याला कंपनीत. जानेवारीत मुलगा झाला. तीन किलो, छान रडणारा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आईने पाटा-वरवंटा पूजला. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायची रीत. दोन्ही माझ्या ऑफिसातली.

"तू काय लिवून ठेवू नको त्यावर," आई म्हणाली. "पेपरवाल्याला कोरा कागद बघवत नाय."

"मी फक्त सटवाईची प्रूफं तपासीन."

रेश्मा टाके दुखेपर्यंत हसली.

सकाळी कागद मधोमध ओला होता, तळहाताएवढा. बाकी सगळं कोरडं. दुपारी तो वाळला तेव्हा त्या जागी पांढरे कण उरले. आईने बोट टेकवून जिभेला लावलं.

"खारट हाय गो," ती रेश्माला म्हणाली. "मीठच हाय."

खाडीची हवा, मी म्हणालो. नाहीतर पाटा नीट धुतला नसेल. कागद मात्र टाकला नाही, फाइलमध्ये ठेवला.

नवव्या दिवसापासून बाळ दूध उलटून टाकू लागलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, अंगावरचं जास्त होत असेल. अकराव्या दिवशी टाळू खोल गेली, रडण्याचा आवाज निघेना. पेणला नेलं, तिथून पनवेलला. मेहुणा शिफ्ट सोडून थेट तिथे पोहोचला. सलाईन लावलं, रक्त घेतलं, हार्मोनची तपासणी मुंबईला पाठवली. आम्ही चौघं काचेबाहेर उभे होतो... करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बाराव्या दिवशी दुपारी सव्वातीनला बाळ गेलं.

रिपोर्ट चार दिवसांनी आला. डॉक्टरांनी समजावलं – मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी जन्मापासूनच एक हार्मोन बनवत नव्हत्या. त्यामुळे शरीरात मीठ टिकत नव्हतं, लघवीवाटे निघून जात होतं. वेळेत कळलं असतं तर औषधं होती, आणि रोज दुधातून थोडं मीठ.

"मीठ?" आईने विचारलं.

"हो."

"आमच्या घरात पोती हायेत," ती म्हणाली. "कोनी सांगायचं तरी."

घरी आल्यावर तोच पाटा, तसाच कागद, त्याच जागी तीन रात्री ठेवून पाहिला. तिन्ही सकाळी कोरडा. पाट्याला मीठ लागलं होतं का, हे आईला आणि रेश्माला वेगवेगळं विचारलं. दोघी नाही म्हणाल्या. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, हे आईला माहीत नाही. कधीकधी भाजीत मीठ घालताना ती थांबते आणि तेच म्हणते – कोनी सांगायचं तरी.