भाताविना भरलेली पिशवी

सोसायटीच्या हॉलमधल्या रक्तदान शिबिरात माझ्या रक्ताची पिशवी छोट्या यंत्रावर तान्ह्या बाळासारखी डोलत होती आणि मी खाटेवर आडवा पडून तिच्याकडे बापाच्या अभिमानाने पाहत होतो. शंभर दिवस झाले, मी पोळी, भात, साखर सोडली आहे. इतकी अंडी खाल्ली आहेत की तालुक्यातल्या कोंबड्या मला पाहून खुराड्यात शिरतात. "याच्या अंगात आता रक्त कुठलं, नुसतं ताक!" असं शेजारचे नाना गावभर सांगत होते, म्हणून तर इथे येऊन नाव नोंदवलं.

पिशवी भरली. नर्सबाईंनी चहा-बिस्किटं पुढे केली.

"साखर चालत नाही, ताई."

"अहो काका, चक्कर आली म्हणजे?"

"येणारच!" दारातून नाना गरजले. "उचलायला चार माणसं आणलीत मी."

मी डब्यातली दोन उकडलेली अंडी मीठ लावून खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायलो, बाईंनी सांगितलं तितका वेळ निमूट बसलो आणि उठलो. जमीन हलली नाही. नानांचा चेहरा तेवढा हलला.

बाई पिशवी पेटीत ठेवत होत्या. शेजारच्या भातखाऊ पिशवीइतकीच लाल होती ती. उद्या ती कुणाच्या तरी अंगात जाईल आणि तो माणूस उठून बसल्याबरोबर साखरभात मागेल. खुशाल मागू दे, वर तूपही घेऊ दे. ते रक्त आता त्याचं आहे, त्यावर माझं पथ्य चालायचं नाही. माझ्या ताटावर मात्र नानांचंही चालायचं नाही.