मुरकाची गयामावशी

गयामावशीच्या घरात पाऊल टाकलं की आधी हाक यायची, "पयले दार लाव, मंग बोल!" भिलाईतल्या आमच्या ओळीत सगळ्यांची दारं दिवसभर सताड उघडी असत. बंद असायचं ते एकट्या मावशीचं. मी नुकतीच लग्न होऊन शेजारच्या क्वार्टरमध्ये आले होते. मला वाटलं, बाई माणूसघाणी असावी. मग एकदा विरजण मागायला गेले आणि खाटेवर ती बसलेली दिसली. राखाडी, पायघोळ केसांची, चवरीसारख्या शेपटीची मांजर.

मांजर नीनाबाईची. नीनाबाई म्हणजे कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरची बायको. मावशी तिच्याकडे घरकामाला जायची. मावशीचे यजमान, डोमाजीकाका, प्लांटमध्ये रिगर होते, जड यंत्रं दोरखंडांनी उचलून जागेवर बसवायचे. तिकडे नीनाबाईची आई आजारी पडली, तशी ती घाईने मायदेशी निघाली आणि मांजर मावशीच्या ओटीत घालून गेली. "लोकाची अमानत हाय," मावशी म्हणायची. "बाहेर निंगाली अन् कुत्र्यानं धरली, त मी तोंड कसं दाखवू?"

नाव मुरका. ते मावशीला फार पटलं होतं. "बरोबर ठेवलं वं नाव. कशी मुरकते पाह्य!" मांजर अस्सल जातीची, तिच्या आईबापांची, आजाची नावंसुद्धा नीनाबाईला ठाऊक. मावशीला याचं नवल वाटे. "माह्या सासऱ्याच्या बापाचं नाव आमाले माईत नाही, अन् हिचं सारं खानदान माईत!"

दुपारी मावशी तिला मांडीवर घेऊन विंचरायची. प्लांटची लाल धूळ बंद दारातूनही आत येई आणि त्या केसांत बसे. काखेत, पोटाखाली गुंता झाला की तो आधी बोटांनी सोडवायचा, मग फणी. डोळ्यांचे कोपरे ओल्या कापसाने पुसायचे. "चार लेकरं वाढवली," ती म्हणे, "पन एवढी वेणीफणी माह्या पोरीचीबी नाही केली." मुरकाने पहिल्यांदा केसांचा गोळा ओकला तेव्हा मात्र ती रडतच माझ्याकडे आली, "हिच्या आतड्या बाहेर आल्या का वं!" आम्ही जाऊन पाहतो तर मुरका रिकामी वाटी चाटत बसलेली.

मे महिना आला. मावशीने खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, फरशीवर ओली गोणपाटं अंथरली. "माह्यासाठी कधी नाही लावला पडदा," डोमाजीकाका म्हणायचे, पण पडद्यावर पाणी तेच मारत. एका दुपारी मधल्या भिंतीवर थापा पडल्या. मी धावले. मुरका चारी पाय पसरून पडली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं. मावशीच्या हातात कात्री होती.

"कापू का वं? नीनाबाई म्हणन, मी राणी देली होती, हे कोणाची भिकारीन?"

"मावशी, कापा."

"तिनं इस्वासानं देली मले." तिने मुरकाच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "केस येतीन वापस. जीव नाही येत."

मी मुरकाला धरलं, तिने केस कापले. ओलं फडकं अंगावर फिरवत राहिलो. संध्याकाळी मुरका उठून पाणी प्यायली, तेव्हा कुठे मावशी भिंतीला टेकली आणि हमसून रडली. कापलेले केस तिने टाकले नाहीत. धुऊन, वाळवून पांढऱ्या फडक्यात बांधले. "मी काही लपवलं नाही, हे तिले दिसलं पायजे."

नीनाबाई पावसाळ्यात परत आली, आईला अग्नी देऊन की माती देऊन, ते आम्हाला कळलं नाही. आई गेली एवढं कळलं. मावशी मान खाली घालून तिच्यापुढे उभी राहिली, काखेत ती भादरलेली मांजर, हातात गाठोडं. नीनाबाईने गाठोडं उघडलं, केस गालाला लावले आणि मावशीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. आईसाठी रडली की मांजरीसाठी, कोण सांगणार! मुरका मात्र तिला ओळखून तिच्या पायांत घोटाळत होती.

"ओळखलं वं तिनं मायले. बरं झालं," घरी परतताना मावशी म्हणाली. त्या रात्रीचा स्वयंपाक डोमाजीकाकांनी केला.

पुढे दोनेक वर्षांनी नीनाबाईच्या नवऱ्याचं काम संपलं. ती स्वतः मुरकाला घेऊन मावशीच्या घरी आली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "मुर्का तुम्हारी. तुम रखो." मुरका उडी मारून खाटेवर जाऊन बसलीसुद्धा. मावशीचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"घे ना," डोमाजीकाका हळूच म्हणाले. "तुही इच्छाच होती."

मावशी खाटेवर बसली. मुरकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मान हलवली.

"नाई. हे केस थंडीचे हाय. माह्या मायेपायी थे दर उन्हाळ्यात तडफडन का? तिले तिच्या थंडीत नेवा म्हणा."

काकांनी ते हिंदीत सांगितलं. नीनाबाईने मावशीचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

दुर्ग स्टेशनवर आम्ही तिघं पोचवायला गेलो. झाकणाची करंडी नीनाबाईच्या मांडीवर होती. गाडी हलली तशी मावशी खिडकीला धरून चालू लागली. रडत नव्हती. करंडीच्या फटीशी तोंड नेऊन, लेकीला सासरी धाडताना बोलावं तशी बोलत होती, "जाय माय, जाय. आता उन्हाळ्याले भ्यायचं काम नाही तुले."