अण्णांची कार्डं

परवा माळ्यावरचं बुटांचं खोकं उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट नव्वदीतल्या बंगळुरात, मल्लेश्वरममध्ये, शेजारच्या अण्णांच्या व्हरांड्यात पोचलो.

अण्णा निवृत्त इंग्रजी शिक्षक. 'सेट' या एकाच शब्दाचे अर्थ त्यांनी वीस वर्षं कार्डांवर उतरवले होते: सूर्याचं मावळणं, दह्याचं लागणं, कपबश्यांचा संच. नजर अधू झाली, तेव्हा टाइप करायला कार्डांचं हे खोकं माझ्या हवाली केलं. मी पडलो सरकारी कारखान्यातला शिस्तप्रिय इंजिनियर! सगळी कार्डं अर्थाच्या पहिल्या अक्षरावरून वर्णानुक्रमे लावली आणि शाबासकी घ्यायला गेलो.

अण्णांनी वरची दोन कार्डं डोळ्यांजवळ धरली.

"अरे, मी वयानं लावली होती रे. जुना अर्थ वर, त्याच्यातून निघालेला खाली. कोण कुणाचा, ते त्या क्रमातच होतं. वेगळं लिहिलं नाही कुठे."

"परत लावू की, अण्णा! तुम्ही सांगा, मी लावतो."

"सरी, चालेल. स्वल्प बरं वाटू दे, मग बसू."

त्यांना बरं वाटलंच नाही. कार्डं अजून माझ्याकडेच आहेत. वर्णानुक्रमे, एकही चूक नाही.