आमचा ठिपका लाल का?

आमच्या भागातल्या काही रहिवाशांनी मिळून हवा मोजायचं ठरवलं, तेव्हा एक यंत्र आपल्या घरी लावायला मी लगेच तयार झाले. साबणाच्या डबीएवढी वस्तू. घरच्या वायफायला जोडली की हवेतल्या बारीक धुळीचा आकडा सगळ्यांच्या मोबाइलवरच्या नकाशात दिसायचा. हवा चांगली असली की ठिपका हिरवा, वाईट झाली की लाल. आमचं घर पापडीला, मागे केळी-नारळांची वाडी. आमचा ठिपका कायम हिरवा राहणार, याची मला खात्री होती.

पण रोज संध्याकाळी तो लाल व्हायचा. मी तेव्हा माणिकपूरला ऑफिसात असायचे. बाहेर रिक्षांची ही गर्दी, आणि तरी तिथला ठिपका आमच्यापेक्षा बरा! ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "पापडीत संध्याकाळी चाललंय काय?" मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

एक दिवस रजा काढून घरी थांबले. उन्हं उतरल्यावर सासरे वाडीत गेले. सुकलेल्या झावळ्या आणि पाला त्यांनी विहिरीमागे ओढून नेला आणि पेटवून दिला. वर्षानुवर्षं ते हेच करत आले होते. त्या वासाची मला इतकी सवय, की तो धूर आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हे बघा."

"म्हणजे ह्या डबीने माझी चहाडी केली?" ते हसले, पण पटलेलं दिसत नव्हतं. "उद्या पेटवत नाही. बघू काय म्हणते ती."

दुसऱ्या दिवशी लालचा नारिंगी झाला. हिरवा काही होईना. "मग बाकीचा धूर कुणाचा?" असं म्हणत बाबा माझा मोबाइल घेऊनच कुंपणापाशी गेले. पलीकडे एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना आम्ही टीचरच म्हणतो. त्यांच्याही वाडीत ढीग धुमसत होता.

"टीचर, तुमचा धूर आमच्या डबीत येतो!"

"आणि इतकी वर्षं तुमचा धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, त्याचं काय?"

मग दोघांनीही जाळणं थांबवून बघायचं ठरवलं. दुसऱ्या संध्याकाळी बाबा पायरीवर मोबाइल घेऊन बसले होते. चहा निवून गेला. ठिपका हिरवाच राहिला, तेव्हा त्यांनी तो आधी कुंपणावरून टीचरना दाखवला आणि मग मला. आता दोन्ही वाड्यांत पाला कुजवायला खड्डे आहेत. डास वाढले अशी टीचरची तक्रार असते, आणि ती खोटी नाही.

थंडी पडल्यापासून मात्र सकाळचा ठिपका बिघडू लागलाय, तोही कुणी काही जाळत नसताना. बाबांना चैन पडेना. तिकडे डोंगरापायथ्याच्या चांदीप गावातल्या एका शेतकरी बाईंकडेही अशी डबी आहे हे कळल्यावर त्यांनी मला ग्रुपमधून नंबर शोधून फोन लावायला सांगितला.

"तुमच्याकडे वारा कुठून आहे?" बाबांनी थेट विचारलं.

"डोंगराकडून. पन तुम्ही कोन?"

आता त्या दोघांचं रोज सकाळी बोलणं होतं. दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी चढतात, एवढं त्यांनी ताडलंय. कशामुळे, ते अजून कळलेलं नाही. परवा टीचरनी ग्रुपकडे स्वतःसाठी एक डबी मागितली.