नंदाबाईची लाल लिली

"वाट सगळ्या गल्लीला, घरात एक बी कांदा ठेवू नको!" जुन्या जालन्यातले कचरूभाऊ बायकोवर खेकसायचे. नंदाबाई मात्र मागेल तिला लिलीचा कांदा देऊन टाकायची. ती वारली तेव्हा अंगणात एकच कांदा उरला होता. तिची आठवण आली की कचरूभाऊ त्याला पाणी घालत. आठवण दिवसातून दहादा यायची. कांदा सडला.

शेवटी शेजारच्या दैवशालाबाईंकडून त्यांनी नंदाबाईनंच दिलेला एक कांदा मागून आणला. एकट्या कांद्यावर आता भरवसा नव्हता. म्हणून एकाचे आठ व्हावेत या आशेनं त्याचे उभे आठ काप केले, प्रत्येकाला बुडाचा तुकडा राखला आणि ओलसर भुशात ठेवले. दोन महिन्यांनी एका कापाला हरभऱ्याएवढा कांदा फुटला.

कचरूभाऊ तांब्या भरून आले आणि तसेच उभे राहिले.

"नंदा, किती घालू गं?"