आमच्या साडूंचा योग्य तो निर्णय

आपल्या मनानं निर्णय घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण आपल्याला मन आहे की नाही, याचाही निर्णय कार्यालयीन वेळेतच घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. सासऱ्यांनी थोरली, म्हणजे आमच्या ताई, अमरावतीला दिली ती सरकारी नोकरी पाहून, आणि धाकटी अकोल्याला माझ्या गळ्यात घातली ती, त्यांच्याच शब्दांत, 'आता वय झालं, किती फिरनार' म्हणून. मी अकोल्यात कूलर विकतो. माणसाला घाम फुटला की तो कूलर घ्यायला येतो, यापलीकडे आमच्या धंद्यात तत्त्वज्ञान नाही. साडूंकडे मात्र घाम फुटला तरी तो घामच आहे की नाही, हे आधी ठरावं लागतं.

त्यांच्या वास्तुशांतीला मी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर आहेर म्हणून दिला. तो त्यांनी हॉलच्या खिडकीला लावला आणि तो कधी सुरू करायचा हा अधिकार स्वतःकडे ठेवला. एप्रिलमध्ये अमरावतीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं की हे सकाळी अंगणात उभे राहायचे, तळहात आभाळाकडे धरायचे आणि आत येऊन सांगायचे, "ऊन आहे. पन उन्हाळा म्हनता येनार नाई." ओला पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या ताई माझ्याकडे बघायच्या. एका वर्षी नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना घेरी यायची वेळ आली, तेव्हा साडूंनी मधला मार्ग काढला. कूलरचा पंखा लावायला परवानगी दिली, पाण्याचा पंप मात्र बंद. दिवसभर ती गरम हवा खाऊन पाहुणे संध्याकाळच्याच गाडीनं परत गेले. साडू मला म्हणाले, "पाहा, सवलत दिली तरी लोकाईले समाधान नसते."

पुतणीसाठी स्थळ बघायला हे एकदा धामणगाव रेल्वेला गेले होते. मुलगा चांगला, घर चांगलं, कापसाची अडत. चहापोहे झाल्यावर मुलाच्या बापानं विचारलं, "मंग काय म्हनता?" साडू उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "निर्णय राखून ठेवला आहे." तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. पुतणीचंही परभणीला उत्तम चाललं आहे. साडूंचा निर्णय अजून राखीवच आहे, आणि तो विषय निघाला की ते म्हणतात, "घाई केली असती तं काहीबी झालं असतं."

अशा माणसाला सरकारनं आरटीओच्या कचेरीत निम्म्याहून जास्त नोकरी नुसत्या शिक्क्यावर ठेवलं, हा केवढा अन्याय. नियमात सगळं लिहिलेलं, यांनी फक्त ठोकायचं. मग विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. हवा स्वच्छ व्हावी म्हणून सरकारनं अशा गाड्यांना कर माफ केला, वर अनुदान ठेवलं आणि साडूंच्या कचेरीला एक लांबलचक आदेश पाठवला. कोणत्या गाडीला सवलत द्यायची याची त्यात मोठी यादी होती. पण लिहिणारा बहुतेक शेवटी दमला असावा, कारण तळाशी त्यानं एक ओळ टाकून दिली होती: शंका उद्भवल्यास सक्षम अधिकाऱ्याने स्वविवेकाने योग्य तो निर्णय घ्यावा. सक्षम अधिकारी म्हणजे आमचे साडू. ती ओळ वाचली त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले. शंका उद्भवल्यास, असं सरकार म्हणत होतं. पण शंका उद्भवण्याची वाट बघत बसणारे ते नव्हेत. ते स्वतः खाली अंगणात जाऊन, गाडीभोवती हात मागे बांधून फिरून, सीटवर टिचकी मारून शंका काढायचे.

दर्यापूरचे शफीकभाई बॅटरीची रिक्षा घेऊन आले होते. साडूंनी रिक्षेत डोकं घातलं तर मागच्या सीटखाली कांद्याची सालं. "ही सवारीची गाडी का मालाची?" शफीकभाई बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "साब, सुबह सवारी, दोपहर को कांदे. पेट तो एकच है ना." झालं. प्रवासी गाडीला सवलत वेगळी, मालगाडीला वेगळी. साडूंनी चार दिवस विचार केला आणि गाडी अर्धा दिवस सवारीची आहे म्हणून सवलत अर्धी दिली. शफीकभाईंचे भाऊ अकोल्याचे. त्यांनीही तसलीच रिक्षा घेतली, तसलेच कांदे वाहिले, आणि अकोल्याच्या साहेबानं त्यांना चहा पिता पिता पूर्ण सवलत देऊन टाकली. शफीकभाई माझ्या ओळखीचे, म्हणून मी साडूंना विचारलं की हे कसं काय. ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "अकोल्याच्या साहेबाचा विवेक येगळा, माहा येगळा. दोघाईचे विवेक एकसारखे निंघाले तं सरकारले दोन मानसं ठेवाची गरजच काय?" नव्वदेक किलोमीटरच्या रस्त्यात मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी सरकारचा विवेक बदलतो, हे मी त्या दिवशी समजून घेतलं.

आणि असंही नाही की सगळ्यांनाच ते अडवायचे. शहरातले एक मोठे बिल्डर परदेशी बनावटीची, विजेवर चालणारी गाडी घेऊन आले, जिच्या किमतीत शफीकभाईंनी दर्यापुरात रिक्षांची रांग लावली असती. तिला चार चाकं होती, यादीत चारचाकी हा शब्द होता. साडूंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि संध्याकाळच्या आत सही केली. "त्यात शंकेले जागाच नाई ना," ते हळहळून म्हणाले. गरीब माणसाच्या गाडीतच सरकारला अडचणी फार दिसतात, कारण गरीब माणूस एका गाडीत चार कामं करतो.

या सगळ्यात एक दिवस तायडे मॅडम आल्या. भातकुली तालुक्यातल्या एका खेड्यात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, काखेत कुबडी. त्यांच्या वडिलांनी बौद्धविहाराच्या ओसरीत अभ्यास करून घेऊन मुलीला मास्तरीण केलं होतं, आणि तेच तिला मोपेडवर शाळेत सोडायचे. आता वडिलांची नजर गेली. जीप फाट्यावर उतरवते, पुढे शाळेपर्यंत काळ्या मातीचा रस्ता. उन्हाळ्यात तिथं कुबडी टेकते. पावसाळ्यात ती एकदा रुतली की माणूस ओढून काढावा लागतो. गेल्या पावसाळ्यात त्या निम्म्या रजा बिनपगारी काढून कशाबशा टिकल्या होत्या. या वर्षी तसं झालं तर नोकरी सोडायची, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. म्हणून त्यांनी विजेवरची स्कूटर घेतली आणि तोल राहावा म्हणून शोरूममध्येच तिला मागे दोन बाजूंना दोन छोटी चाकं लावून घेतली. सवलत धरूनच पैसे जुळवले होते. सवलतीचं ठरल्याशिवाय गाडीला नंबर मिळेना, आणि नंबरशिवाय शोरूमवाला गाडी सोडेना.

साडू शोरूममध्ये गेले, हात मागे बांधले, गाडीभोवती फिरले आणि खरोखरच अडचणीत सापडले. आदेशात दुचाकी होती, तीनचाकी होती, चारचाकी होती. या गाडीला चाकं चार आणि चेहरा दुचाकीचा. शिवाय आदेशातच लिहिलं होतं की मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीला सवलत नाही. आयुष्यभर ज्या शंकेची वाट पाहिली ती समोर स्टँडवर उभी होती. आणि या माणसानं, ज्यानं कांद्याच्या सालावर चार दिवस स्वविवेक चालवला होता, त्यानं काय केलं? वरच्या कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवलं. मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी थक्क झालो. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्हीच तर सक्षम." ते म्हणाले, "सक्षम हाव ना. म्हनून तं मार्गदर्शन मागवलं. अक्षम असतो तं नाकारून मोकळा झालो असतो."

खरं कारण ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं. जून अखेरीला साडू निवृत्त होणार होते. बदल केलेल्या गाडीला सवलत दिली आणि हिशेब तपासणाऱ्यांनी बोट ठेवलं, तर ग्रॅच्युइटी अडकते. नाकारलं तर कुणीच काही विचारत नाही. सरकारात नाही म्हणणाऱ्याची चौकशी झाल्याचं कुणी ऐकलं आहे का? म्हणजे हो म्हणण्यात त्यांचं म्हातारपण अडकलं होतं आणि नाही म्हणण्यात त्या बाईची नोकरी. मे महिनाभर हे घोंगडं भिजत राहिलं. तायडे मॅडम दर आठवड्याला यायच्या, बाकावर बसायच्या, कुबडी भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि उत्तर आलं नाही हे ऐकून जायच्या. अखेर जूनच्या मध्यावर वरून मार्गदर्शन आलं: आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा. वरच्यांनी हात झटकले, तेही किती शुद्ध मराठीत. मी अमरावतीला गेलो तेव्हा साडूंनी तो कागद मला दाखवला. नेहमीप्रमाणे मी हसायला गेलो, पण त्यांचं तोंड पाहून कागदाची घडी घालून परत दिली.

निरोपाच्या दिवशी मी आणि बायको अकोल्याहून गेलो. कचेरीच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, दह्यातले गिलावडे, भाषणं. साहेबांनी कधीही घाईत निर्णय घेतला नाही, असं तीन वक्त्यांनी सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. आमचे साडू खांद्यावर शाल घेऊन नव्या नवरदेवासारखे अवघडून बसले होते. तेवढ्यात दारात तायडे मॅडम दिसल्या. दोन दिवसांत शाळा उघडायची होती. साडूंच्याच हाताखाली तयार झालेला एक कारकून, जो आता त्यांच्या खुर्चीवर बसणार होता, पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, आज साहेबाईचा निरोप आहे. तुमचं पुढच्या महिन्यात पाहू." मॅडम थांबल्या नाहीत. हळूहळू, कुबडी टेकत, सगळ्या खुर्च्यांमधून साडूंपर्यंत आल्या, वाकून त्यांना काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. साडूंनी गिलावड्याची प्लेट खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि फाइल मागवली. शाल तशीच खांद्यावर ठेवून त्यांनी लिहिलं की आधाराची चाकं ही चाकं नसून आधार आहेत, वाहन दुचाकी आहे, सवलत पूर्ण द्यावी. खाली सही केली. नोकरीतला त्यांचा सगळ्यात जलद निर्णय तो असावा.

पुढे व्हायचं तेच झालं. दिवाळीनंतर तपासणीवाले आले, नेमकी तीच फाइल त्यांच्या हाताला लागली, आणि साडूंची ग्रॅच्युइटी अडकली. ती सोडावी की नाही याबद्दल शंका उद्भवल्यामुळे नव्या साहेबांनी, म्हणजे त्याच कारकुनानं, वरच्या कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवलं आहे. साडू आता महिन्यातून एकदा कचेरीत जातात आणि तायडे मॅडम बसायच्या त्याच बाकावर बसतात. त्याबद्दल त्यांची तक्रार काही नाही. उलट मला म्हणाले, "टिप्पनी चांगली लिवली पोरानं. दोन्हीकडून बोलते, पन सापडत नाई कुठं."

मागच्या महिन्यात मी अमरावतीला गेलो होतो. आम्ही दोघं पोर्चमध्ये बसलो होतो आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, "भाऊसाहेब, खरं सांगा, ऐनवेळी काहून केली सही? ती बाई काय बोलली तुमाले?"

ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "काई नाई. म्हनली, साहेब, नियमात काय आहे ते मले माहीत आहे. तुमाले काय वाटते, तेवढं सांगा."

"मग?"

"मंग काय. एवढ्या वर्साच्या नोकरीत लोकाईनं मले नियम इचारला, तारीख इचारली, काही जनाईनं भावबी इचारला. मले काय वाटते, हे कोनंच नाई इचारलं." मग म्हणाले, "मले वाटलं का तिनं शाळेत जावं."

ताई चहा घेऊन दारात आल्या होत्या, तिथंच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मी या माणसाच्या गोष्टी सांगून दुकानातल्या गिऱ्हाइकांना हसवत आलो. त्या दिवशी मात्र मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली. मी चहा घेतला. साडूंनी बशीत ओतून घेतला, फुंकर घातली आणि रस्त्याकडे बघत बसले.